खिशातला चाकू उघडायला शिकताना: आधी दुसरा हात कुठे आहे ते बघा

भाच्याने गेल्या वर्षी आपला पहिला घडीचा चाकू ऑनलाइन मागवला. पार्सल म्हापशाला त्याच्या खोलीवर पोचलं आणि अर्ध्या तासात मला फोन. "मामा, बिघडलेला पाठवलाय. उघडतच नाही."

रविवारी तो चाकू घेऊन फोंड्याला आला. चाकू ठणठणीत होता. बिघडली होती ती पकड. अंगठ्याने तो पातं बाहेर ढकलत होता आणि त्याच हाताची बाकीची बोटं मुठीच्या बाजूच्या लॉकच्या पट्टीवर, म्हणजे उघडलेलं पातं अडवून धरणाऱ्या पट्टीवर, आवळून बसली होती. या प्रकारच्या चाकूत पट्टीवर एक बारीक छर्रा असतो. चाकू मिटलेला असताना तो पात्यावरच्या खळग्यात बसतो, म्हणून पातं खिशात आपोआप उघडत नाही. पट्टी बाहेरून दाबली की छर्रा आणखी रुततो. म्हणजे अंगठा दार उघडतोय आणि बोटं आतून कडी धरून बसलीत. बोटं पट्टीवरून उचलून मुठीच्या कडेला ठेवायला सांगितली, आणि पुढच्याच खेपेला 'टक' झालं. पोराच्या चेहऱ्यावर चतुर्थीला पहिला फटाका लावल्याचा आनंद.

हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. आमच्याकडे स्वयंपाकघरात सुरी आणि आदोळी (विळी) असते, नारळाला कोयता असतो, आणि माडावर चढणारा पाडेली कोयताच कमरेला लावतो. घडीच्या चाकूच्या वाट्याला उरलेली कामं येतात: पोत्याची शिवण उसवणं, सुंभ कापणं, केळीचं पान काढणं, झाडाखाली बसून मानकुराद आंबा चिरणं. यातल्या एकाही कामाला पातं पापणी लवायच्या आत उघडायला लागत नाही. म्हणून कुठली पद्धत शिकायची हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो. चाकू उघडतेवेळी तुमचा दुसरा हात काय करत असतो? तो रिकामा असेल तर दोन्ही हातांनी उघडा. त्या हातात होडीची दोरी असेल, पोत्याचं तोंड असेल, शिडी असेल, तरच एका हाताने उघडणारा चाकू घ्या. व्हिडिओ बघून उलटं ठरवणारे बरेच भेटतात.

सुरुवात करण्याआधी

धारेवर कागदी चिकटपट्टीचे दोन थर लावा. खुर्चीत नीट बसा, पाय जमिनीवर, मांडीवर मोबाइल नको आणि मांजर तर नकोच. चाकू हातातून सुटला तर पडू द्या. पडणारी वस्तू झेलायला हात आपसूक पुढे जातो, तेवढी खोड पहिल्याच दिवशी मोडायची. फरशीचा टवका उडाला तर उडू दे.

नखाची खाच: दोन हातांची जुनी पद्धत

पात्याच्या वरच्या कडेजवळ चंद्रकोरीसारखी बारीक खाच दिसली की हा तो चाकू. याला बहुधा लॉक नसतं. मुठीच्या पाठीत एक पोलादी कमान असते आणि तिच्या दाबाने पातं उघडं किंवा मिटलेलं राहतं. स्विस सैन्याचा लाल चाकू याच जातीचा. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये कारखाना काढला, १८९१ मध्ये सैन्याला चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीचा हलका चाकू काढला. आज खिशात दिसतो त्याचा तो पूर्वज.

१. मूठ डाव्या हातात आडवी धरा, पातं जिथून बाहेर येतं ती फट वर. बोटं मुठीच्या दोन्ही अंगांना. एकही पेर फटीवर येता कामा नये.

२. उजव्या अंगठ्याचं नख खाचेत टेकवा आणि तर्जनी पात्याच्या पलीकडच्या बाजूला लावून आधार द्या.

३. सरळ वर ओढू नका. पात्याचं टोक कंसात फिरतं, तुमचा हातही त्याच कंसात जाऊ द्या.

४. पातं काटकोनात आलं की काही चाकूंत ते क्षणभर थांबतं. इथे नख सोडून पातं सपाट बाजूंनी चिमटीत धरा आणि उरलेला अर्धा प्रवास पुरा करा. शेवटी कमान स्वतःच पातं खेचून घेते आणि खणखणीत आवाज येतो.

काटकोनात उभ्या असलेल्या पात्याची धार मूठ धरलेल्या हाताकडे तोंड करून असते. पहिल्या पायरीत बोटं फटीपासून लांब ठेवायला सांगितली ती यासाठीच. अर्ध्याच्या आत असताना नख सटकलं तर कमान पातं फाटकन परत आत घेते.

आंघोळ करून किंवा भांडी घासून आल्या आल्या कडक चाकूच्या खाचेला नख लावू नका. ओलं नख मऊ पडतं आणि दुमडतं. आणि खाच सहसा उजव्या हाताच्या सोयीने एकाच अंगाला असते, त्यामुळे डावखुऱ्यांची पंचाईत होते. त्यांनी पातं मुठीबाहेर जेवढं दिसतं तेवढं चिमटीत धरून काढावं. खाच विसरूनच जावी.

चिमटीने, आणि पावसात फुगणारी लाकडी मूठ

माझ्या खिशात बहुतेक दिवस फ्रान्सच्या सावोआ प्रांतातला ओपिनेल असतो. लाकडी मूठ, एक पातं आणि मुठीच्या गळ्यात फिरणारं कडं. जोझेफ ओपिनेल यांनी हा चाकू १८९० मध्ये बनवला, कडं आलं १९५५ मध्ये, आणि २००० पासून त्याच कड्याने मिटलेलं पातंही अडकवता येतं. क्रमांक ८ सगळ्यांत सोयीचा, पातं साडेआठ सेंटिमीटर.

उघडताना आधी कडं फिरवून त्याची फट मुठीच्या फटीसमोर आणा. पातं चिमटीत धरून पूर्ण उघडा. मग कडं परत फिरवा, म्हणजे पात्याच्या बुडाशी भिंत उभी राहते. नवखे ही शेवटची पायरी विसरतात. कडं न फिरवलेला ओपिनेल म्हणजे लॉक नसलेला चाकू.

गोव्यात याची खरी परीक्षा जूनमध्ये. मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची. ते दमट हवेत फुगतं आणि पात्याला दोन्हीकडून असं पकडतं की चिमटीत काही येईना. सावोआचे लोकही याला तोंड देत आले आहेत आणि त्यांची तोड साधी आहे: कडं मोकळं करायचं, मुठीचं मागचं टोक लाकडाच्या ठोकळ्यावर जरा तिरकं टकटक आपटायचं. मूठ थांबते, पातं झटक्याने थोडं बाहेर येतं, मग चिमटीत धरता येतं. मी हे घरात सोप्यावर बसून करतो तेव्हा बायको म्हणते, सुपारी फोडताय की चाकू उघडताय?

अंगठ्याची खुंटी

एका हाताने उघडायच्या चाकूंत सगळ्यांत जास्त दिसणारा हा प्रकार. पात्याच्या बुडाशी एक किंवा दोन्ही अंगांना छोटी खुंटी असते. भाच्याचा चाकू हाच.

मूठ चार बोटांत धरा, पण बोटांची टोकं मुठीच्या कडेवर राहू देत, लॉकच्या पट्टीवर नकोत. अंगठ्याचा मांसल भाग खुंटीच्या मागे टेकवा. आता अंगठा आधी मुठीपासून बाहेरच्या बाजूला ढकला आणि छर्रा सुटल्याचं जाणवलं की पात्याबरोबर अर्धगोल फिरवा. बहुतेकांचं चुकतं ते इथे, कारण ते खुंटी मुठीच्या लांबीच्या दिशेने पुढे ढकलतात. त्या दिशेला पातं फिरतच नाही, फक्त अंगठ्याला वळ उठतो. पहिले दोन दिवस सावकाश करा, इतकं की पातं अर्ध्यावर थांबवता आलं पाहिजे. ज्याला मधेच थांबवता येतं त्याच्या ताब्यात चाकू आहे.

उघडल्यावर नजर टाका: आतली पट्टी सरकून पात्याच्या बुडामागे पुरती बसली आहे का? एका जत्रेत मी हौसेने स्वस्तातला चाकू घेतला होता. करवंटीला भोक पाडायला टोक दाबलं, पट्टी सटकली आणि पातं तर्जनीवर मिटलं. तीन टाके. पट्टी पात्याला जेमतेम कडेला टेकत होती, ते मी बघितलंच नव्हतं. तेव्हापासून टोक दाबून भोक पाडायचं काम मी घडीच्या कुठल्याच चाकूला सांगत नाही, लॉक कितीही भक्कम असो.

गोल भोक

पात्यातच अंगठ्याएवढं भोक. अमेरिकेतल्या स्पायडर्को कंपनीने १९८१ मध्ये आणलेली ही युक्ती. अंगठ्याचं मांस भोकात रुततं, त्यामुळे हात मासळीच्या पाण्याने किंवा आंब्याच्या रसाने बुळबुळीत असला तरी खुंटीपेक्षा पकड चांगली मिळते. हालचाल तीच, बाहेर आणि मग अर्धगोल. मुख्य म्हणजे भोक पात्याच्या दोन्ही अंगांनी सारखंच असतं, तेव्हा डावखुऱ्यांना मी आधी हाच प्रकार हातात घेऊन बघायला सांगतो. मधल्या बोटाने भोकातून पातं उडवायची एक तऱ्हा आहे, ती वर्षभराने शिकलात तरी काही अडत नाही.

फ्लिपर: मागचा कान

चाकू मिटलेला असताना पात्याच्या बुडाचा एक छोटा कान मुठीच्या मागून डोकावतो. तर्जनीने तो दाबला की पातं फिरून बाहेर येतं, आणि उघडल्यावर तोच कान धार आणि बोट यांच्यामध्ये आडवा येतो, बोट पुढे घसरत नाही. सगळी मजा छऱ्यात आहे. छर्रा बोटाचा जोर अडवून धरतो आणि सुटला की पातं एका दमात जातं. म्हणून हळूहळू दाबलंत तर पातं अर्ध्यावर लोंबतं. भिंतीवरचं दिव्याचं बटण खाली करतो तशी एकच ठाम हालचाल हवी. मनगट हलवायची गरज नाही. मनगट झटकल्याशिवाय उघडत नसेल तर एक तर बोटं पुन्हा पट्टीवर गेली आहेत, नाही तर खिळीत, म्हणजे पातं जिच्याभोवती फिरतं तिथे, घाण आहे.

मनगटाच्या झटक्याने कुठलाही चाकू उघडणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. पातं दर वेळी थांब्यावर आदळतं, खीळ ढिली होते आणि पुढेमागे चाकू हातातून सुटून शेजारच्याच्या पायाशी जातो.

बाकीचे, थोडक्यात

जपानचा हिगोनोकामी: लॉक नाही, कमान नाही, पात्याच्या बुडाला एक शेपटी. अंगठ्याने शेपटी दाबून उघडायचं आणि काम संपेपर्यंत अंगठा शेपटीवरून काढायचा नाही. तोच त्याचा लॉक.

काही चाकूंत मुठीच्या दोन्ही अंगांना मागे सरकणारी दांडी असते. ती ओढून धरली की पातं मोकळं झुलतं. झुलवून उघडणं सोपं आहे, म्हणूनच नवख्याने पहिला महिना खुंटीनेच उघडावं.

पात्यावर आकडा असलेले चाकूही मिळतात, खिशातून काढतानाच आकडा कापडात अडकून पातं उघडतं. पोत्याच्या शिवणीसाठी एवढी घाई कुणाला असते?

आणि खटक्याचा चाकू. बटण दाबताच आतली स्प्रिंग पातं बाहेर फेकते. हिंदी सिनेमाने रामपुरीला एवढं नाव मिळवून दिलं की उत्तर प्रदेशातल्या रामपूर शहराने २०२३ मध्ये चौकात २० फुटी चाकू उभारला. शिकायला मात्र हा चाकू नकोच. उघडण्यात शिकण्यासारखं काही नाही, आणि खिशात सापडला तर तो पोत्यासाठी आहे हे पोलिसाला पटवताना तुमची दमछाक होईल.

मिटणं

ते तीन टाके सोडले तर माझ्या बोटांवरच्या सगळ्या जुन्या खुणा मिटतानाच्या आहेत. उघडताना माणूस सावध असतो. मिटताना काम झालेलं असतं आणि लक्ष आंब्याच्या फोडीकडे असतं. त्यामुळे चाकू मिटताना मी बोलणं थांबवतो. वाचायला विचित्र वाटेल, पण करून बघा.

कमानीचा, बिनलॉकचा चाकू: मूठ एका हातात बाजूंनी धरा, दुसऱ्या हाताचा तळवा पात्याच्या पाठीवर सपाट. काटकोनापर्यंत आणा, थांबा, बोटं कुठे आहेत बघा, मग पुढे ढकला. शेवटच्या भागात कमान जोरात ओढते, तिच्या वाटेत काही नको.

आतल्या पट्टीचा लॉक: इथे खरा धोका, कारण पट्टी सरकवायला अंगठा पात्याच्या वाटेतच घालावा लागतो. सुरुवातीला दोन्ही हात वापरा. डाव्या चिमटीत पात्याची पाठ धरून ठेवा. उजव्या अंगठ्याने पट्टी बाजूला सारा. डाव्या हाताने पातं फक्त चार बोटं खाली आणा, म्हणजे पट्टी परत मागे जाऊ शकत नाही. आता उजवा अंगठा काढून घ्या. अंगठा पुरता बाहेर आला हे डोळ्यांनी बघून मगच पातं मिटा. एका हाताने मिटायचं ते नंतर, आणि तेव्हा पात्याच्या बुडाचा धार नसलेला भाग किंवा फ्लिपरचा कान आधी बोटाला टेकेल अशीच बोटाची जागा ठेवायची.

पाठीवरचा लॉक: मुठीच्या पाठीवरची दांडी दाबली की पातं सुटतं. दुसऱ्या हाताने पाठ धरून खाली आणा. काही चाकूंत धारेच्या मागे बोथट खाच असते आणि पातं निसटलं तर ती बोटावर येते. आपल्या चाकूत ती आहे की नाही हे आधी बघून ठेवा.

कड्याचा चाकू: कडं फिरवा, फट समोर आणा, मिटा, पुन्हा कडं फिरवा. झालं.

कुठे न्यायचा नाही

२०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात, घरगुती, शेतीच्या आणि कारखान्याच्या कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. आपला तीन इंची चाकू त्या मापाच्या खूप आत बसतो. तरी शिगम्याच्या मिरवणुकीत, फेस्ताच्या गर्दीत किंवा पणजीच्या कॅसिनोच्या दारात तो खिशात असायचं कारण नाही. दाभोळी असो की मोपा, विमानात चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाकायचा. किल्ल्यांच्या जुडग्यातला बोटभर लाल चाकूही यात आला. माझा एक तसाच तपासणीच्या टेबलावर राहिला. रांग मागे ताटकळत होती, वाद घालण्यात अर्थ नव्हता, चूक माझीच होती.

जूनमधला दुसरा फोन

पाऊस लागला आणि भाच्याचा पुन्हा फोन. "मामा, परत उघडत नाही. बोटं पट्टीवर नाहीत, शपथ." या खेपेला तो खरं बोलत होता. मे महिन्यात त्याने त्याच चाकूने फणस सोलला होता, मग तोच चाकू मोरजीच्या वाळूत नेला होता, आणि नंतर ओल्या बर्म्युड्याच्या खिशात विसरला होता.

चीक, रेती आणि खारं पाणी यांनी चाकू असा जाम होतो. अशा वेळी जोर लावू नका, अडकलेलं पातं सुटतं तेव्हा एकदम सुटतं. आधी चीक खोबरेल तेलाने पुसा, फणस कापताना हाताला लावतो तसंच. मग कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना दातांचा ब्रश घेऊन खीळ आणि फट घासा. मीठ जाईपर्यंत गोड्या पाण्याने धुवा. कापडाने पुसून पंख्याखाली रात्रभर उघडा ठेवा. सकाळी खिळीत तेलाचा एकच थेंब, आणि वीसेक वेळा उघडमीट करून बाहेर आलेलं काळं तेल पुसून काढा. हे तेल मात्र खोबरेल नको, ते दिवसांनी चिकट होतं आणि थंडीच्या पहाटे थिजतं. फळं कापायचा चाकू असेल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन वापरा, नसेल तर शिलाई मशीनचं तेल चालतं.

साध्या पोलादाच्या पात्यावर काजूच्या बोंडाच्या रसाने किंवा कैरीने काळे-निळे डाग पडतात. ते डाग राहू द्या, गंज नाही तो. तांबूस आणि बोटाला खरखरीत लागतो तो गंज, तो मात्र लगेच घासून काढायचा.

इतकं करूनही पातं जड जात असेल तर खिळीचा स्क्रू बघा. हल्लीच्या चाकूंत तो चांदणीच्या आकाराच्या खाचेचा असतो आणि त्याला त्याच मापाचा पाना लागतो, दुसरा घातलात तर खाच झिजते. स्क्रू एका वेळी घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांएवढाच सैल करा. पातं सहज फिरलं पाहिजे, पण उघडल्यावर डावीकडे-उजवीकडे हलता कामा नये. हललं तर अर्धं माप परत आवळा. भाच्याचा चाकू दुसऱ्या प्रयत्नात बसला. तो चाकू खिशात घालत होता तेव्हा मी आधी त्याची बर्म्युडा वाळली आहे का ते विचारलं.